दुजोरा

२ ऑगस्ट, शनिवार

गेलो होतो यादीतून आरोहीचं नाव काढायला, आणि आलो तिच्या नावाचा पट्टा घेऊन!

तिचा मेल अजून माझ्या फोनवर येतो. परवा त्यात निरोप होता — नाशिकच्या मोबाइल ॲप बनवणाऱ्यांचा मेळावा, गंगापूर रोडचा हॉल, तुमची जागा राखून ठेवली आहे. जुन्या लोकांना त्यांच्याकडून आपोआप निरोप जात असणार. मुलगी जाऊन वर्ष झालं, हे त्यांच्या मशीनला कोण सांगणार? म्हटलं, आपणच जाऊन सांगू. फोनवर ते वाक्य मला बोलता येत नाही.

समोरही आलं नाही. दारावरच्या मुलीने नाव विचारलं, मी आरोहीचं सांगितलं. तिने खोक्यातून गळ्यात अडकवायचा निळा पट्टा काढला, वर आरोहीचं नाव. 'त्यांच्यासाठी नेताय का काका?' मी मान हलवली. मागे रांग होती. पुढे सरकलो तो थेट हॉलमध्ये.

आत सगळी पोरं. काळे टी-शर्ट, पाठीवर बॅगा. इस्त्रीचा शर्ट माझा एकट्याचा. पांढरे केसही माझेच. भाषणं झाली, निम्मी कळली. मग 'नेटवर्किंग' — म्हणजे चहा, समोसा आणि एकमेकांच्या फोनवरचे काळे-पांढरे चौकोन टिपणं. मी कोपऱ्यात समोसा धरून उभा. एक मुलगा आला आणि स्वतःच्या ॲपबद्दल सांगू लागला. पार्किंगचं काहीतरी. मी गप्प. तो आणखी जोमाने सांगू लागला. मग दुसरा आला, तिसरा आला. नंतर कळलं — कोणीतरी उठवलं होतं की मी पुण्याहून आलेला पैसे गुंतवणारा आहे. बोलत नाही म्हणजे मोठा माणूस असणार! खिसा कार्डांनी भरला. पार्किंगवाल्याला मी एवढंच विचारलं, 'चटणी कुठे आहे?' तो पळत जाऊन घेऊन आला.

सिंचन खात्यात जन्मभर कारकुनी केली. एवढा मान कधी मिळाला नव्हता.

शेवटी हर्षलने ओळखलं. आरोही आणि तो एकाच टेबलावर काम करायचे. देवळाली कॅम्पचा, वडील तोफखान्यात होते. सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला, तिथे माझं गुंतवणूकदारपण संपलं. 'काका, तुम्ही इथे?' मी पट्टा खिशात सरकवला. म्हटलं, सहज आलो होतो.

नाव काढायचं राहिलंच.

३ ऑगस्ट, रविवार

पाणी आज लवकर. 'आलं' दाबलं. थोड्या वेळाने फोनवर बेल.

बायकोने — लंकाने — कालचा शर्ट धुतला. पट्टा त्या खिशातच होता. आता खिशात नाही, दोरीवर नाही, कुठेच नाही. विचारलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

हर्षलचा फोन आला. विषय आरोहीच्या ॲपचा — 'पाणी आलं'.

आमच्या गल्लीत नळाला वेळ नाही. कधी पाच, कधी सात. लंका पहाटेपासून नळाशी कान लावून बसायची, म्हणून आरोहीने ते बनवलं. ज्याच्याकडे पाणी येईल त्याने 'आलं' दाबायचं. पण एकट्याच्या दाबण्याने काही होत नाही. त्याच गल्लीतल्या आणखी कोणीतरी 'हो, आलं' असा दुजोरा द्यायचा, तेव्हा सगळ्यांच्या फोनवर बेल वाजते. नाहीतर टारगट पोरं मजेखातर दाबून गल्ली उठवतील. आणि कोणी दाबलं ते कोणाला दिसत नाही. 'नावं दिसली की भांडणं सुरू, बाबा,' म्हणायची.

पहिलं बटण दाबायचं काम तिने माझ्याकडे दिलं. तेव्हा मी कुरकुरायचो. आता रोज दाबतो. दुजोरा समोरचे राजू वाघ देत असणार. तेवढ्या लवकर तेच उठतात.

हर्षलचं म्हणणं असं. ३० तारखेला स्पर्धा आहे, आपल्या शहराच्या कामी येणाऱ्या ॲपची. त्यात हे आरोहीच्या नावाने उतरवायचं. पण अडचण आहे. ॲप जिथून घेतात त्या स्टोअरवर महिनाअखेरपर्यंत नवी आवृत्ती चढवली नाही, तर ते नव्या फोनवर मिळणारच नाही. जुन्यांवरही हळूहळू बंद पडेल. आणि नवी आवृत्ती चढवायला तिची किल्ली लागते. किल्ली म्हणजे एक फाइल. ती एकच असते, आणि ती आरोहीच्या लॅपटॉपमध्ये आहे.

मी विचारलं, दुसरी किल्ली करता येत नाही का? कुलूपवाल्यासारखी?

'करता येते काका. पण मग ते वेगळंच ॲप होतं. तिचं राहत नाही.'

लॅपटॉप लंकाच्या कपाटात आहे. म्हटलं, बघतो.

६ ऑगस्ट, बुधवार

'बघतो' म्हणणं सोपं.

गेल्या वर्षी तेराव्यानंतर हर्षल याचसाठी आला होता, तेव्हा लंका त्याला दारातच म्हणाली, 'त्या डबड्यानीच खाल्ली माझी पोर. रात नाय, दिस नाय. ताप अंगावर काढला त्याच्यापायी.' डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला होता. पण लंकाने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं. तेव्हापासून घरात ॲप हा शब्द नाही. आरोहीचा जुना फोन तिच्याकडे आहे, पण तो भजनं लावायला आणि निफाडला भावाशी बोलायला. मी सकाळी बटण दाबतो तेसुद्धा गॅलरीत जाऊन.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. शेखर निफाडहून आला — लंकाचा भाऊ. पिशवीभर बेदाणे आणले. वाटलं, भावासमोर विषय काढावा, ती चिडणार नाही. शेखर दुपारभर ट्रॅक्टरच्या टायरवर बोलला. मग निघताना द्वारका चौकात गाडी अडकेल म्हणून घाई. लॅपटॉप कपाटातच.

१० ऑगस्ट, रविवार

हर्षलने ऑफिसात बोलावलं. लॅपटॉपचं विचारणार म्हणून घाबरत गेलो, तर काम वेगळंच. त्यांच्यात एक रीत आहे. ॲप झालं की ते अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं आणि स्वतः तोंड मिटून बसायचं. समजावायचं नाही, बोट दाखवायचं नाही. स्पर्धेआधी प्रत्येकाला असा एक माणूस लागतो. त्या मेळाव्यातली पोरं म्हणाली म्हणे, 'ते चटणीवाले काका चालतील.'

तोपर्यंत ठीक होतं. पण त्या माणसाने काय करायचं? 'मनात जे येईल ते मोठ्याने बोलत बोलत वापरायचं काका. काहीही. गाळायचं नाही.'

म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच. लंका लग्नानंतर माहेरी सांगायची, 'मालक चांगले हायेत, फकस्त मुके हायेत.'

पार्किंगवाल्याचं ॲप हातात दिलं. मी बघतोय. पोरं बघतायत. घड्याळाचा आवाज. हर्षल म्हणाला, 'काका, बोला.' मी म्हटलं, 'काय बोलू?' तो म्हणाला, 'हेच.' मग म्हटलं, 'निळं बटण आहे. दाबावं की नाही कळत नाही. दाबलं. काही झालं नाही. मीच चुकलो असेन.' पार्किंगवाला एकदम पुढे झाला — 'नाही नाही, तिथे ना सर —' आणि सगळे त्याच्यावर ओरडले. गप्प बसायचं त्याचं काम होतं, बोलायचं माझं. त्याला माझ्यापेक्षा जड गेलं.

घरी येताना बसमध्ये स्वतःशीच बोलत होतो. शेजारचा माणूस सरकून बसला.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज विचारणार होतो. वांग्याचं भरीत चांगलं झालं होतं. जेवण कशाला नासवा.

१६ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा ऑफिस. आता मला सवय झाली आहे. त्यांनी या प्रकाराला नावच दिलंय, 'काका टेस्ट'. एक मुलगी पेठ तालुक्यातून आली होती, तिचं हाटाच्या दिवसांचं ॲप — कुठल्या गावाला कोणत्या वारी बाजार. मी बोलत सुटलो. अक्षर बारीक आहे. हा बाण कशाला? बुधवार सापडला. हिरवा रंग छान आहे. आरोहीचा असाच एक ड्रेस होता, दिवाळीचा, बाही उसवलेली —

थांबलो. गाळायचं नाही असा नियम. निघून गेलं तोंडातून.

कोणी काही बोललं नाही. त्यांचाही नियम. ती मुलगी मान खाली घालून लिहीत राहिली. मग मीच म्हटलं, 'पुढचं बटण कुठे आहे?' ते खरंच सापडत नव्हतं.

निघताना हर्षलने फक्त विचारलं, 'काका, काकूंशी बोललात?' म्हटलं, बोलतो.

२० ऑगस्ट, बुधवार

बोललो! जेवताना. म्हटलं, 'ते कपाटातलं हर्षलला चार दिवस पाहिजे होतं.'

'नाय.'

एवढंच. आणि मला आणखी एक भाकरी वाढली. मी खाल्ली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हर्षलला सांगितलं, होत नाही. तो म्हणाला, 'टेन्शन घेऊ नका काका. स्पर्धा काय, पुढच्या वर्षीही असते.' पण महिनाअखेर ॲप बंद पडायला लागेल, ते पुढच्या वर्षी परत येत नाही. ते तो बोलला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

लंका स्वयंपाकघरात गवार निवडत बसली होती. मी समोर पाटावर बसलो. ती माझ्याकडे बघायला लागली, कारण मी असा कधी बसत नाही.

म्हटलं, लंका, मी आता मनात येईल ते बोलणार आहे. तू मध्ये बोलू नकोस.

'मी कवा बोलती?'

मग सुरू केलं. पहिल्यांदा गवारीपासूनच. कोवळी आहे. दोरे निघत नाहीत. आरोहीला आवडायची नाही, ताटाच्या कडेला सरकवायची आणि मी खायचो. मग म्हटलं, मी रोज सकाळी गॅलरीत जाऊन तिचं बटण दाबतो. तुला सांगितलं नाही, तू चिडशील म्हणून. तिने मला पहिल्यांदा दाबायला लावलं तेव्हा मी म्हणालो होतो, मला काय कामं नाहीत का? कामं नव्हतीच. आता दाबलं की वाटतं, ती आतून बघतेय — बाबांनी दाबलं का. लॅपटॉपने तिला काही केलं नाही, लंका. डास होता. तो कोणालाही चावला असता, मला चावायला पाहिजे होता. या महिन्यानंतर ते बंद पडत जाईल. मग सकाळी उठून मी काय दाबू?

याच्यापुढे काही आलं नाही. मी थांबलो.

तिने उरलेली गवार निवडून संपवली. ताट उचललं. ओट्याकडे तोंड करून म्हणाली, 'मीठ आणलं नाय तुम्ही.'

गेलो मीठ आणायला.

२५ ऑगस्ट, सोमवार

पाणी, बटण, बेल. आत आलो तर टेबलावर टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप! बाजूला कपाटाची चावी. चावीला निळा पट्टा बांधलेला — मेळाव्यातला, आरोहीच्या नावाचा.

लंका कळशा भरत होती. वळली नाही. 'त्याला म्हणावं, परत आणून दे. आन् येतान जेवून जा म्हणावं.'

दुपारी हर्षलकडे नेला. चार्जरही बरोबर घेतला होता — लॅपटॉप वर्षभर बंद पडलेला, सुरू व्हायला वेळ लागेल म्हणून. पण त्याने झाकण उघडलं, बटण दाबलं, लगेच चालू. बॅटरी पूर्ण भरलेली. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. पासवर्ड त्याला माहीत होता. पडद्यावर आम्ही तिघं, सापुताऱ्याचा फोटो. मी खिडकीकडे गेलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, 'काका, किल्ली सापडली.'

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसवला. गेल्या वर्षी बसवला नव्हता. शाडूचा, छोटा. आरती मी म्हटली, मोठ्याने. लंका म्हणाली, 'बोलाय लागले की वं मालक.'

२८ ऑगस्ट, गुरुवार

हर्षलचा निरोप: नवी आवृत्ती चढली. तिच्याच किल्लीने.

मग जेवायला आला, लॅपटॉप घेऊन. लंकाने गवारच केली होती. त्याने दोनदा घेतली. जाताना त्याला बेदाण्यांची पुडी. लॅपटॉप परत कपाटात. कुलूप मात्र घातलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

स्पर्धा. हॉल तोच, समोसेही तेच. या वेळी दारावर मी माझं नाव सांगितलं. पट्ट्यावर लिहिलं होतं, 'काका'. हर्षलचा उद्योग.

लंकाला चल म्हणालो होतो. 'गर्दीत मला गरगरतं,' म्हणाली. डबा मात्र दिला, माझा आणि हर्षलचा.

पेठच्या मुलीचं हाटाचं ॲप छान झालं, अक्षर मोठं केलंय. पार्किंगवाल्याने मला लांबूनच चटणीची वाटी दाखवली.

हर्षलची पाळी आली. त्याने पडद्यावर शहराचा नकाशा लावला. सांगितलं, हे ॲप आरोहीने केलं. ती गेल्यावर आम्ही त्याला हात लावू शकलो नाही. बाकी भागात लोकांनी वापरणं सोडलं. पण एक गल्ली — आणि नकाशावर एक ठिपका लुकलुकायला लागला — या एका गल्लीत वर्षभर, पाणी आलं त्या प्रत्येक दिवशी बेल वाजली आहे.

परीक्षकांपैकी एका बाईंनी विचारलं, हे वापरणारे कोण आहेत? हर्षलने माझ्याकडे बोट केलं. माझ्या हातात माइक. एवढा मोठा हॉल! हर्षल कानाशी म्हणाला, 'काका टेस्ट.'

म्हटलं, माइक जड आहे. पंखा जोरात आहे. लोक हसले. मग म्हटलं, 'सकाळी पहिलं बटण मी दाबतो. ती माझी मुलगी होती.'

बोलून झालं. ते वाक्य. ज्याच्यासाठी महिन्याच्या सुरुवातीला इथे आलो होतो.

बाईंनी विचारलं, 'आणि दुजोरा कोण देतं?'

म्हटलं, 'समोरचे राजू वाघ.' तर सगळ्या हॉलने राजू वाघांसाठी टाळ्या वाजवल्या! त्या बिचाऱ्याला पत्ता नाही.

पहिलं बक्षीस पार्किंगला. आम्हाला उत्तेजनार्थ — एक प्रशस्तिपत्र आणि दोन बॅगा. प्रशस्तिपत्रावर आरोहीचं नाव, बरोबर छापलेलं. लंकाने ते गणपतीपुढे ठेवलं. मी राजू वाघांची टाळ्यांची गंमत सांगितली. ती म्हणाली, 'हं.' आणि डबे घासायला घेतले.

३१ ऑगस्ट, रविवार

पेढे घेऊन राजू वाघांकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि मग विचारलं, 'कशाचे?'

म्हटलं, दुजोऱ्याचे. सगळं सांगितलं — बटण, बेल, टाळ्या.

'अहो, माझ्याकडे कुठे ते? माझा फोन बटणांचा, साधा. तुमच्याकडे बेल वाजते ना, खिडकी उघडी असते तुमची. ती ऐकून मी उठतो आणि मोटर लावतो.' मग जरा विचार करून म्हणाले, 'आता पेढा परत द्यायचा का?' आणि दुसरा उचलला.

शेजारच्या ठमाबाईंकडे मोबाइलच नाही. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू मेमध्ये गेले. हर्षलला फोन केला. त्याने बघून सांगितलं, 'काका, तुमच्या गल्लीत वर्षभर दोनच फोन चालू आहेत. दुसरा कोणाचा ते नाही दिसत. आरोहीनेच तसं ठेवलंय.'

१ सप्टेंबर, सोमवार

पाणी आलं. गॅलरीत जाऊन बटण दाबलं, पण बेलची वाट बघत तिथे थांबलो नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलो.

लंका नळाखाली कळशी लावत होती. ओट्यावर आरोहीचा जुना फोन. तिने पदराला हात पुसला, अंगठ्याने एकदा दाबलं आणि परत कळशीकडे वळली. बेल वाजली. तिच्या फोनवर आणि माझ्या हातात.

'दारात काय उभे?' ती म्हणाली. 'बादली लावा की दुसरी.'